शेवटच्या जागेचा पेढा

त्या वर्षी पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवं होतं. अ‍ॅडमिशनच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेली मुलगी मेरिटमध्ये माझ्या एकच नंबर पुढे होती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"तू काय घेणार?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटर. उरलं तर."

"मला नकोय ते. बाबांना हवंय."

तिचा नंबर पुकारला. वडिलांनी तिला कोपराला धरून उठवलं. थोड्या वेळानं फळ्यावरची कॉम्प्युटरची शेवटची जागा पुसली गेली.

परत येताच वडिलांनी पिशवीतून पेढे काढले. सकाळीच आणून ठेवले असणार. आमच्या रांगेत सगळ्यांना वाटले, मलाही दिला. तिनं स्वतःचा खाल्ला नाही, माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुझाच आहे," ती म्हणाली.

माझा नंबर पुकारला, तेव्हा दोन्ही पेढे मुठीत धरून मी उठलो.