विमलबाईंची मुकी वाट

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. विमलबाई हयात असताना टाळलं, हे तर जास्तच वाईट. त्या गेल्याची बातमी मला राहात्याहून मंगलनं कळवली. मंगल आम्हा दोघांची विद्यार्थिनी. आता तिची स्वतःची मुलं शाळेत जातात आणि ती त्यांना अंगणापलीकडं एकटं सोडत नाही. "गुरुजी, बाई गेल्या," ती म्हणाली. कधी, कुठं, ते मी विचारलं. मग म्हणाली, "तुमचा आवाज अजून तसाच हाय." तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर मला कितीतरी वेळ जागचं उठवेना... का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही दोघं शिकवायचो. मी मुख्याध्यापक आणि गावचाच. टेकडीखाली माझी विहीर आणि शेती. बाई बदलीनं आलेल्या, एकट्या. आमच्याकडं नजर जाईल तिथवर उघडा माळ; टेकडीच्या कुशीत देवाची राई तेवढी दाट. तिथली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. गाव वर्षातून एकदा नारळ फोडायला जाई, एरवी पोरांना तिकडं फिरकू देत नसे. बाई मात्र शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुलांना घेऊन राईत जाऊ लागल्या. करंजाच्या खोडाला कान लावून बसवायच्या, डोळे बांधून सालीवरून झाड ओळखायला लावायच्या. पहिल्या दिवशी रडलेली पोरं पुढं शनिवारची वाट बघू लागली. मंगलचे आजोबा एकदा शाळेत येऊन म्हणाले, "बाई, पुस्तकात झाडं न्हाईत व्हय? आमची मंगल लिंबाला मिठी मारती आन् माझ्या पाया पड म्हणलं की लाजती." बाई म्हणाल्या, "आबा, लिंब उपदेश करत नाही ना, म्हणून." आबांनाही हसू आलं.

मुलांचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे मुकी वाट. राईच्या वरच्या टोकाला, शेंदराच्या दगडापाशी, बाई उभ्या राहत आणि एकेका मुलाला आत सोडत. पायवाटेनं एकट्यानं चालायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं बघायचं आणि ऐकायचं. खालच्या टोकाला मी. मूल बाहेर आलं की मी खाली वाकायचं आणि त्याला वाटेत जे सगळ्यात आवडलं ते त्यानं माझ्या कानात सांगायचं. एकदा सांगितलं की परत कुणाला सांगायचं नाही, असा नियम. मग ते मूल बांधाच्या कडेनं वर बाईंकडं परत जाई. बाई म्हणायच्या, "गुरुजी, भीती घालवायची तर वाटेच्या टोकाला आपलं माणूस उभं पाहिजे. तुमच्या भरवशावर मी त्यांना आत सोडते."

त्या शनिवारी शेवटची मंगल तेवढी यायची राहिली होती. इतक्यात शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाल्याचा आवाज आला. म्हणजे वीज आली होती. ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे, आणि माझा कांदा पाण्यावाचून माना टाकत होता. वाट सरळ आहे, पोरगी येईल बाहेर आणि जाईल बांधानं... असं मनाशी म्हणत मी खाली उतरलो. मोटर चालू केली, वाफ्यांत पाणी सोडलं आणि पाण्याच्या नादात राईचा विसर पडला. भानावर आलो तो बाईंच्या हाका ऐकून. धावत वर गेलो, चपलांचा चिखल गवताला पुसला आणि माझ्या जागेवर उभा राहिलो.

गाव गोळा झालं. मंगल बराच वेळ सापडेना. सापडली ती वाटेपासून लांब, करंजांच्या गर्दीत, जिथं भर दुपारीही ऊन पोचत नाही. मांडी घालून बसली होती. मान एका बाजूला कललेली, तळहात ओठांजवळ आडवा... कुणाच्या कानात सांगताना धरतात तसा. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. आबांनी तिला उचललं आणि विचारलं, "हितं काय करती गं?"

"गुरुजींनी हाक मारली," ती म्हणाली. "मी भाईर आले तर तिथं कुणीच न्हाई. मग आतनं म्हणले, मंगल, ये, मी हितं हाय. मी सांगितलं की त्यांच्या कानात. वाकले ते."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "मी जागचा हललो नाही. ही बाहेर आलीच नाही. आणि मी हाकही मारली नाही." बोललो ते एवढंच. आबा हळूच म्हणाले, "चकवा. वळखीच्या मान्साचा आवाज काढतो त्यो." कुणीही वाद घातला नाही. गुरुजी कशाला खोटं बोलतील? बाई मात्र आमच्यापैकी कुणाकडंच बघत नव्हत्या. त्या झाडांकडं बघत होत्या.

पोरांना राई बंद झाली. वर्षाअखेरीस बाईंची बदली झाली आणि नव्या शाळेत त्यांनी मुलांना कधी कुंपणाबाहेर नेलं नाही, असं कानावर आलं. गावाला चकव्यात सगळ्याचं उत्तर मिळालं होतं. मला मात्र मिळालं नाही, कारण त्या टोकाला कुणीच नव्हतं, हे मला एकट्याला ठाऊक होतं. मग वाकलं कोण? लहान पोरीच्या मनाचे खेळ, असं मी स्वतःला बजावत आलो. एकदा मंगलला एकटीला गाठून विचारलंही, तू कानात काय सांगितलं होतंस? ती म्हणाली, "परत सांगायचं नसतं, गुरुजी. तुमाला सांगितलंय की."

निवृत्तीनंतर बाई सुप्याला भाच्याकडं राहायला आल्या. त्या अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मला बोलावणं धाडलं. भाचा मला खोलीत घेऊन गेला. भर दिवसा आत दिवा लावलेला. खिडकीच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. "बाहेर पिंपळ आहे," तो कुजबुजला. "आत्याला तो दिसलेला चालत नाही." ज्या बाईंनी आमच्या पोरांना झाडांच्या कुशीत बसायला शिकवलं, त्या बाई... पानं सळसळली की त्यांची बोटं चादरीवर घट्ट होत होती. भाचा गेल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी जन्मभर मुलांना सांगितलं, रानात भिण्यासारखं काही नसतं. मग त्या दिवशी मंगलला कुणी बोलावलं? तुम्ही तर बाहेर उभे होतात... होतात ना?"

हेच विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं. 'नव्हतो' एवढं म्हटलं असतं, तर मंगल ही रिकाम्या वाटेवर बावरलेली एक पोर ठरली असती, आणि बाईंना त्यांची झाडं परत मिळाली असती. मी म्हणालो, "होतो, बाई." त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्या गेल्यावर काही दिवसांनी मी राईत गेलो. दुपारची वेळ. खालच्या टोकाला, जिथं मी त्या दिवशी असायला हवं होतं, तिथं उभा राहिलो. बाईंना सांगायचं ते इथंच, मोठ्यानं सांगायचं ठरवून आलो होतो. बांधावर एक छोटी मुलगी शेळ्या राखत होती. मला तिनं ओळखलं नाही. मी झाडीकडं तोंड करून घसा खाकरला, तशी ती म्हणाली, "बाबा, आत वरडू नका. आत मास्तर हाय."

"कोण मास्तर?"

"जुना हाय. नाव घिऊन बलावतो आन् कानात सांग म्हणतो."

एवढं बोलून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग एक पाऊल मागं सरली. आत कुठंतरी पाचोळा वाजला, होला पक्षी असेल... आणि थांबला, कुणी ऐकायला थांबावं तसा. बाई, मी तिथं नव्हतो, मला माफ करा. शब्द ओठांवर आले होते. पण त्या झाडीत माझ्या आवाजात आणखी काही बोलायचा मला धीर झाला नाही.