कार्डावरची यमुना

पुण्याहून निघताना माझ्या वळकटीत दोन लुगडी आणि कोऱ्या कार्डांचा एक जाडजूड गठ्ठा होता. लुगड्यांपेक्षा कार्डांचीच काळजी मला जास्त. पुण्याच्या एका इस्पितळात मी गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, आणि तसल्या नोंदी उभ्या महाराष्ट्रात कुणी ठेवत नाही अशी माझी पक्की समजूत होती. कोल्हापूरच्या एका लहान प्रसूतिगृहात नर्स असलेली माझी मैत्रीण कुसुम हिनं लिहिलं होतं, "आमच्या वहीचा गोंधळ झालाय, येऊन नीट लावून दे." मला तेवढं आमंत्रण पुरे होतं.

मिरजेला गाडी बदलली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. गुऱ्हाळांचा गोडसर धूर डब्यात येत होता. कोल्हापुरात उतरल्यावर कुसुमनं आधी मला दूध प्यायला नेलं. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात आणि गवळी थेट पेल्यात धार काढून देतो. मी नाक मुरडून विचारलं, "तापवलेलं नाही?"

"म्हशीच्या पोटात तापलंय की, अक्का!" गवळी म्हणाला. आजूबाजूचे पैलवान खो खो हसले. मी निमूटपणे पेला रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी वहीतली नावं कार्डांवर उतरवताना एका नोंदीपाशी थांबले. यमुना, हातकणंगल्याजवळचं एक खेडं, पहिलटकरीण, आठवा महिना. पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला, आठ दिवसांनी यावे. त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते. कुसुमचा चेहरा उतरला. "अशा पोरीला झटके यायला लागले, तर आई आणि मूल दोघंही हातचे जातात," ती म्हणाली.

सकाळच्या गाडीनं आम्ही हातकणंगल्याला उतरलो आणि चालत ते खेडं गाठलं. यमुनेच्या सासूनं आधी गूळपाणी दिलं.

"ती व्हय? माहेरी गेली की, गडमुडशिंगीला. पयलं बाळातपण माहेरातच. तुमच्यात न्हाय का तसं?"

म्हणजे आम्ही उगाच लांब आलो होतो; गडमुडशिंगी तर कोल्हापूरच्या अगदी जवळ. परतीची गाडी गाठायची म्हणून मी कुसुमला ओढतच निघाले. यमुनेच्या वडिलांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. नाव आहे, गाव आहे, आणखी काय हवं, अशी माझी ऐट.

गडमुडशिंगीत ती ऐट उतरली. दुकानात विचारलं, पाणवठ्यावर विचारलं; यमुना कुणालाच ठाऊक नव्हती. शेवटी एका बाईनं तानूबाई सुईणीचं घर दाखवलं. तानूबाई म्हशीसाठी कडबा तोडत बसली होती.

"माझ्याकडं यमुना न्हाय," ती म्हणाली.

"अहो, कार्डावर लिहिलंय!" मी वैतागून म्हणाले.

"कागदावर आसंल. गावात न्हाय." मग हात झटकत तिनं माझ्याकडे पाहिलं. "लग्नात नाव बदाललं आसंल की तिचं. तुमचं न्हाय बदाललं?"

माझंही बदललं होतं. सासरी मी सुलोचना, माहेरी बनू. इतकी वर्षं बायकांची नावं लिहिली आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सासरचं नाव माहेरच्या गावात कोण ओळखणार?

"तिचे पाय सुजलेत," कुसुम म्हणाली.

"मंग ती हौसा! चार दिस झालं, डोकं ठणाकतंय म्हनती. डोळ्यांम्होरं काजवं चमाकत्यात. तिच्या आयला म्हनलं, दवाखान्यात ने. तर ती म्हनती, दवाखान्याचं सगळं सासरी झालंय."

कुसुमला रक्तदाब माहीत होता, डोकेदुखी माहीत नव्हती. तानूबाईला डोकेदुखी माहीत होती, रक्तदाब माहीत नव्हता. दोघींच्या मध्ये ही मुलगी एकटी पडली होती.

तानूबाईनं आम्हाला तिच्या घरी नेलं. हौसा उंबऱ्यात बसली होती. चेहराही सुजलेला. कुसुमला पाहून म्हणाली, "बाई, तुमी हितं?" कुसुमनं तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, पारा पाहिला आणि ती म्हणाली, "हिला आत्ताच न्यायला हवं." हौसाची आई रडायला लागली.

"रडायचं मागनं बघू," तानूबाई गरजली. "गाडी जुपाया सांग आदी!"

बैल जुंपेपर्यंत त्या माउलीनं रडत रडतच आमच्या हातावर भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) ठेवला. गडबडीत मी मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. ते पाहून हौसा हसली. त्या सुजलेल्या तोंडावरचं हसू मला बघवेना. हिला काही होऊ नये, एवढंच मनात येत राहिलं.

गाडीत हौसाचं डोकं तानूबाईच्या मांडीवर होतं. वाट थोडीच, पण सरता सरेना. प्रसूतिगृहात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उजेडानं झटके येऊ नयेत म्हणून खिडक्यांवर पडदे ओढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली, आणि हौसाही सुखरूप राहिली. मूठभर जीव, पण आवाज खास कोल्हापुरी. तानूबाई तीन दिवस हौसाच्या उशाशीच होती. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि मी सगळ्यांदेखत रडले.

दुपारी आम्ही तिघी कार्डं घेऊन बसलो. प्रत्येक कार्डावर तीन ओळी वाढल्या: माहेरचं नाव, माहेरचं गाव, तिथली सुईण. तानूबाईला अक्षर येत नाही, पण गावातल्या पोटुश्या बायका तिला महिन्यांसकट तोंडपाठ. दर बाजाराच्या दिवशी तिनं कुसुमला त्यांची खबर सांगायची आणि कुसुमनं कार्डं पाहून कुणाला लगेच धाडायचं ते तिला सांगायचं, असं ठरलं.

परतीच्या गाडीत मला उसाचे मळे दिसले नाहीत. पुण्यातल्या माझ्या कपाटातली काही कार्डं डोळ्यांसमोर येत होती. त्यांच्यावर मी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'पुन्हा आली नाही'. त्यातल्या एकीचंही माहेर मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात रांगेतली पहिली बाई पुढे आली. सातवा महिना, पायांवर किंचित सूज. नाव लिहून झाल्यावर मी विचारलं, "माहेर कुठलं गं?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "साताऱ्याकडचं. परवाच निघालेय, भाऊ न्यायला आलाय."

मी तिला बाकावर माझ्या शेजारी बसवलं. "तिथली सुईण कोण?" मी विचारलं.