दर्दी माणसाचं कार्ड

एका माणसाला चारचौघांत खजील झालेलं बघायचं, एवढी एकच इच्छा मी वर्षभराहून जास्त मनात धरून होते. चारचौघं म्हणजे कुणीही नव्हेत. ज्यांच्यासमोर तो माझ्यावर हसला होता, तेच. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण मी स्वतःला साधी मुलगी समजते. पण साध्या माणसांनाही राग येतो, आणि माझ्या अनुभवाने सांगते, तो लवकर जात नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. तिथल्या बहुतेक मराठी घरांतले बाबा आयटीत नाहीतर मोटार कंपन्यांत इंजिनिअर. आम्ही अकोल्याहून आलो ते आत्याने स्पॉन्सर केल्यामुळे. माझे बाबा गाड्यांचे सुटे भाग पॅक करायचे, बहुतेक वेळा सेकंड शिफ्टला. आई एका डे-केअरच्या किचनमध्ये होती. दोघांनीही कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली.

शनिवारी सकाळी आई आणि मी गराज सेलला, म्हणजे लोक घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकत तिथे, जायचो. आई भांडी बघायची आणि मी बेसबॉलची जुनी कार्डं. तळहातात मावणारा जाड कागदाचा तुकडा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे. आमच्या भागात कारखान्यातून निवृत्त झालेली म्हातारी माणसं घरं आवरायची तेव्हा अशी खोकीच्या खोकी निघत. कार्डांचे कोपरे झिजलेले असायचे, काहींच्या मधोमध घडी, काहींच्या मागे कुणा मुलाने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलेलं. मला ती सगळी हवी असायची. एकच चांगलं घ्यावं की पुष्कळ घ्यावीत, हा प्रश्न मला पडतच नसे. ज्या घरात कधी काही भरपूर नसतं, त्या घरातल्या माणसाला भरलेलं खोकं बघूनच बरं वाटतं.

त्यातलं एक कार्ड मात्र मला फार आवडायचं. डेट्रॉइटच्याच एका खेळाडूचं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. रंग ताजे होते, पण कडांचा कागद फुलून मऊ पडला होता आणि कोपरे गोल झाले होते. मला कॉलेजात ॲडमिशन मिळाली त्या आठवड्यात आईने ते माझ्या नकळत घेतलं, स्टीलची पट्टी ठेवली आणि ब्लेडने चारी कडा सुताएवढ्या कापून सरळ केल्या. अर्जावरचे फोटो, शाळेचे दाखले, सगळ्यांच्या कडा ती अशाच नीट करायची. वेडंवाकडं तिला बघवत नाही.

"बघ, नवं झालं की नाही?" ती म्हणाली.

मलाही ते नवंच वाटलं. मी तिला मिठी मारली.

काका आमच्याकडे आले ते त्यानंतर काही दिवसांनी. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. मूळचे पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावर, मराठी मंडळींत त्यांच्या शब्दाला मान. तेही बेसबॉलची कार्डं जमवायचे, पण त्यांची पद्धत वेगळी. थोडीच, पण निवडक. प्रत्येक कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद. मला हा छंद आहे कळल्यावर ते आपणहून बघायला आले, याचं आम्हाला केवढं कौतुक! आईने पोहे केले.

काका जमिनीवर बसून खोकी चाळू लागले. "ह्यात काही नाही. ह्यातही काही नाही. हे तर रद्दीवालासुद्धा घेणार नाही." मग त्यांचा हात थांबला. आईने नीट केलेलं कार्ड त्यांच्या बोटांत होतं. त्यांनी ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे जरा बरंय. म्हणजे खास असं काही नाही. पण मला हा खेळाडू आवडतो. बेसमेंटमध्ये माझी तीन खोकी पडलीयेत, तिन्ही भरून कार्डं. ती तुला देतो. चालेल?"

तीन खोकी! मी लगेच हो म्हणाले. आईच मध्ये पडली. "भाऊजी, एका कार्डासाठी एवढं? तुमचं नुकसान व्हायचं."

"असू दे हो वहिनी. पोरीला आनंद वाटेल."

जाताना आईने त्यांना डबा भरून बेसनाचे लाडू दिले. तो डबाही परत आला नाही.

गणपतीला काकांकडे सगळे जमले होते. जेवण झाल्यावर पुरुष मंडळी आणि आम्ही मुलं खाली बेसमेंटमध्ये गेलो. तिथे काचेचं कपाट होतं, आत दिवे. मधोमध माझं कार्ड. काकांनी ते बाहेर काढलं आणि पाहुण्यांना दाखवू लागले. "पन्नास वर्षांचं कार्ड, आणि कोपरे बघा. सुईसारखे! असं मिळत नाही. कुठे मिळालं सांगू? आपल्या ह्या पोरीकडे, बुटांच्या खोक्यात! मी म्हटलं, तीन खोकी रद्दी देतो. लगेच खूश!" सगळे हसले. मी कागदी प्लेट धरून तिथेच उभी होते. "संग्राहकांचे दोन प्रकार असतात," काका पुढे म्हणाले, "एक दर्दी, एक गर्दी. आता काही लोकांना खोकी भरायची सवयच असते, त्याला आपण काय करणार?"

पुन्हा हशा. माझे कान तापले. मोदक मी तसाच प्लेटमध्ये ठेवला. कार्ड गेल्याचं दुःख होतंच, पण 'काही लोकांना' हे दोन शब्द जास्त लागले. ते माझ्याबद्दल नव्हते. ते आमच्या घराबद्दल होते. ते माझ्या आईच्या हातचे पोहे खात, खिडकीबाहेर बघत खोटं बोलले होते, आणि आता त्याचाच किस्सा करून सांगत होते. वर किचनमध्ये आई त्यांच्याच घरची भांडी आवरायला मदत करत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

मला भांडता येत नाही. म्हणून मी वाचायला लागले. कॉलेजच्या लायब्ररीत, दोन लेक्चर्सच्या मध्ये, जुन्या कार्डांबद्दल इंटरनेटवर जे मिळेल ते. काकांनी दिलेली खोकी ज्या वर्षांतली होती, त्या वर्षांत कार्डं इतकी छापली गेली की ती कुणालाच नको होती. हे कळल्यावर राग आणखी वाढला. आणि मग एके दिवशी वाचलं की ज्या कार्डाच्या कडा कापल्यात, ते दर्दी लोकांच्या लेखी संपलेलं असतं. कोपरे कितीही टोकदार असोत. ग्रेडिंग करणारे, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून त्याला गुण देणारे, अशा कार्डाला आकडाच देत नाहीत.

आधी वाटलं, आईने केवढी वस्तू बिघडवली! आणि मग, तिथेच त्या कॉम्प्युटरसमोर, मला हसू आलं. कापलेलं कार्ड मापात लहान भरतं, तरी काकांनी त्या दिवशी पट्टी का लावली नाही, ते लक्षात आलं. पट्टी लावली असती तर मला कळलं असतं की कार्डात काहीतरी आहे. मला फसवायच्या घाईत ते स्वतःच फसले होते.

त्यांना सांगायला हवं, असं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनाने त्याला गप्प बसवलं.

त्यानंतर ते जिथे भेटत तिथे मी विचारू लागले. "काका, ते कार्ड ग्रेड करून घेतलंत का?"

"अगं, माझा डोळा हेच ग्रेडिंग."

"तसं नाही काका, पण वरती आकडा आला की कुणाला बोलायला जागाच उरत नाही."

मी हे अगदी मान खाली घालून म्हणायचे. तशीही मी मान खाली घालूनच बोलते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. शेवटी पुढच्या वर्षी फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, जवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचं मोठं प्रदर्शन भरलं. ग्रेडिंगवाले तिथेच बसून कार्डं तपासणार होते. काका मला म्हणाले, "चल, तुझं पूर्वीचं कार्ड किती मोठं झालंय ते बघ."

रांगेत मी त्यांच्या शेजारी उभी होते. टेबलामागच्या माणसाने कार्ड प्लास्टिकमधून काढलं, छोट्या मोजपट्टीवर ठेवलं, भिंगातून एक कड पाहिली, मग दुसरी. मग मान हलवली. "ट्रिम्ड," तो म्हणाला आणि कार्ड परत सरकवलं. काकांनी दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं. मागचा माणूस पुढे सरकला.

"कुणी कापलं हे?" काकांनी मराठीत विचारलं. आवाज खाली होता.

माझं वाक्य कधीपासून तयार होतं. 'काका, तुम्हीच म्हणाला होतात, ह्यात खास काही नाही.' आरशासमोर किती वेळा म्हटलं होतं. पण ऐनवेळी तोंडातून एकच शब्द निघाला. "आईने."

तिथून ते मला घेऊन तडक आमच्या घरी आले. बाबा शिफ्टवर होते. काकांनी कार्ड टेबलावर टाकलं. "वहिनी, हे तुम्ही कापलंत?"

"हो. वाकडं होतं ना ते. काहून, काय झालं?"

"सत्यानाश झाला! तुम्हाला काय कळणार म्हणा. पण हिने तरी सांगायला नको? फसवणूक आहे ही सरळ सरळ. माझी खोकी परत करा."

आईने हात जोडले. माझ्या आईने, त्या माणसापुढे! "चुकलं भाऊजी. मला कळलं नाही. घेऊन जा तुमची खोकी."

"नाही द्यायची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "अदलाबदल झाली होती. ती संपली."

काका कार्ड उचलून, दार आपटून गेले. त्या रद्दीचं मला काही करायचं नव्हतं. पण त्यातलं एकही कार्ड त्या माणसाला मिळू द्यायचं नव्हतं.

मी आईवर चिडले. तू माफी का मागितलीस, म्हणून रडले. ती म्हणाली, "आधी मला सगळं सांग." मी पहिल्यापासून सांगितलं. खिडकीबाहेर बघत बोललेलं खोटं, ती छापील रद्दी, कापलेल्या कडांचा अर्थ. आईने मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, नीट समजेपर्यंत. मग उठून भाजी चिरायला बसली. मला वाटलं, तिच्यासाठी विषय संपला.

दिवाळीचं गेट-टुगेदर काकांकडेच होतं. आई म्हणाली, जायचं. तीच मंडळी, तेच बेसमेंट. ह्या वेळी आईसुद्धा खाली आली. एरवी ती अशा ठिकाणी बायकांच्याही घोळक्यात फारशी बोलायची नाही. तिला वाटायचं, आपलं बोलणं गावंढळ ठरेल. कपाटातली मधली जागा रिकामी होती. एका पाहुण्याने विचारलंच, "अरे, ते सुईच्या कोपऱ्यांचं कार्ड कुठंय?"

"विकलं," काका म्हणाले. "चांगली ऑफर आली, देऊन टाकलं."

"अगंबाई, विकलं?" आई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. "मग भाऊजी, घेणाऱ्याला सांगितलं ना तुम्ही, की कडा कापल्या आहेत म्हणून? नाहीतर तो बिचारा फसायचा."

कुणीतरी विचारलं, "कापल्यात म्हणजे?"

"माझीच चूक हो," आई म्हणाली. "मीच ब्लेड लावलं होतं. त्यांनी ते तपासूनही आणलं, तिथल्या माणसानं परत केलं. पण काय झालं, भाऊजी कार्ड न्यायला आले तेव्हा म्हणाले, ह्यात खास काही नाही. म्हणून मीही बोलले नाही. खास आहे म्हणाले असते, तर मी सांगितलंच असतं की. आपल्या माणसाला कोण फसवेल?"

काका कोंडीत सापडले. विकलं म्हणावं तर घेणाऱ्याला फसवलं, आणि नाही म्हणावं तर आत्ताच सगळ्यांसमोर खोटं बोललेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुला माहीत होतं ते चांगलंय, आणि पोरीला खास नाही म्हणालास?" त्यांच्याच ऑफिसमधले एक जण हसत म्हणाले. "काय यार तू पण! एवढ्याशा मुलीला?"

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि वर गेल्या. मग हशा झाला. थोडा आईच्या ब्लेडवरही झाला, नाही असं नाही. पण आई त्यात सगळ्यांच्या आधी हसली. काकांची मान खाली गेली ती मी पाहिली. डोळे भरून पाहिली. वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही.

परत येताना मी ड्राइव्ह करत होते.

"तू हे ठरवून केलंस?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गणपतीलाच ऐकलं होतं मी, वर किचनमध्ये. त्यांच्या बेसमेंटचा आवाज जिन्यातून सगळा वर येतो. पण नेमकं काय झालं ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोललं तर आपणच येडे ठरतो."

"मग माफी का मागितलीस?"

"माफी मागणाऱ्याचं लोक पूर्ण ऐकून घेतात."

संक्रांतीला हळदीकुंकवासाठी काकूंचा फोन आला. मी हाताने नको नको केलं. आईने तिकडे दुर्लक्ष केलं. "येऊ ना," ती फोनवर म्हणाली, "न यायला काय झालं? भाऊजी असतील ना घरी?" फोन ठेवून तिने कपाट उघडलं आणि ठेवणीतली पैठणी बाहेर काढली.