तेल्याला विचारणारे तात्या

आमच्या इंदापूर भागात डाळिंबाला तेल्या रोग लागला, की लोक डागाळलेली फळं घाईघाईनं खड्ड्यात पुरतात. तात्या ती मागून न्यायचे. पोतं घेऊन बांधावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "पुरू नका, मला द्या. माझी पाव्हणी हायत ती."

ती फळं ठेचून ते पाण्यात कालवायचे आणि ते पाणी स्वतःच्याच रोपांवर शिंपडायचे. बियांपासून हौसेनं वाढवलेली शेकडो रोपं. त्यांना आपल्या हातानं रोग द्यायचा आणि कोण तगतंय ते बघायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. माझी बाग त्यांच्या बांधाला लागून, म्हणून मी आधी कडाकडा भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "सदा, रोग काय माझ्याकडनं येतोय व्हय? त्यो हायच. मी फकस्त त्याला इचारतोय, तू कुणाला भितोस?"

शेवटी एकच झाड उरलं. पाच पावसाळे गेले, पानावर ठिपका नाही. माझी अर्धी बाग तेल्यानं खाल्ली होती, त्यामुळे माझा जीव त्या झाडात अडकला. तात्या डहाळीसुद्धा देईनात. "आजून दोन पावसाळं जाऊ दे. झाड लबाड असतं."

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते बारामतीला लेकीकडे गेले, झाड माझ्यावर सोपवून. जाताना बागेच्या तोंडाशी ठेवलेली, हत्यारं निर्जंतुक करायच्या औषधाची बादली काठीनं दाखवली. "यात बुडवल्याबिगर चाकू झाडाला लावायचा न्हाय."

ते गेले आणि मी झाडावर वीस गुट्या बांधल्या. साल सोलून, ओलं शेवाळ गुंडाळून. चाकू खिशातला, माझ्याच बागेत वापरलेला. बादली चार पावलांवर होती. मुळं फुटल्यावर रोपं कन्हेरी गावच्या मेव्हण्याला दिली, इथं बोभाटा नको म्हणून.

परतल्यावर तात्या घरी जायच्या आधी झाडापाशी आले. गुटी काढलेल्या एका फांदीच्या पेरावर काळी भेग पडली होती; बाकीचे काप नव्या पालवीत झाकले गेले होते. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "पानाला इचारलं, सालीला इचारायचं ऱ्हायलं. तितनंच शिरला." मग माझ्याकडे वळले. "गुट्या किती काढल्यास?"

"एकच," मी म्हणालो. "ती बी जळाली."

"मग वाचलो," ते म्हणाले. झाड त्यांनी मुळासकट काढून तिथंच पेटवलं आणि विझेपर्यंत बसून राहिले. त्याच हिवाळ्यात ते वारले. मला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. त्याची लाज अजून वाटते.

या गोष्टीला चार वर्षं झाली; काल मेव्हण्याचा फोन आला. त्या विसांची त्यानं दोनशे रोपं केलीत, पाव्हण्यारावळ्यांच्या बागांत लावलीत. "झकास हायत दाजी, डाग म्हणून न्हाय. आता छाटणी चाललीय. एकच टोळी सगळ्या बागा उरकतीय."

"कात्र्या बुडवतायत का?" मी विचारलं.

तो हसला. "कशात?"