तबकडीची पोच

उडत्या तबकड्यांची नोंद आता सरकारही घेतं, म्हणून कचेरीत एक वेगळी खिडकी उघडली होती. तिथल्या गृहस्थांचं नाव मला कधीच कळलं नाही.

मी वाघोलीतल्या सोसायटीचा वॉचमन, शिक्षण सातवी, गाव चंद्रपूरकडे. सकाळी पाण्याच्या टाकीवर चमकती तबकडी दिसली आणि मी ती भोळेपणानं रजिस्टरात लिहिली. सुपरवायझर म्हणाला, "सरकारी पोच आण. नाहीतर प्यायला होतास असं समजतो, जा गावी."

गृहस्थांनी माझा अर्ज आधी उजेडात धरून पाहिला.

"वस्तू कुणाच्या हद्दीत होती?"

"आकाशात, साहेब."

"अहो, हद्द विचारली मी. वाघोली की कसबा पेठ?"

"वाघोलीवरून शहराकडं गेली."

"मग दोन प्रती लागतील. आतल्यांनी ओळखपत्र दाखवलं?"

"नाही."

"शिस्तच नाही लोकांना."

खरं की खोटं, हे ते विचारतच नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, मी पीत नाही हो."

तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तबकडीचं वरचे बघतील. अर्जदार बघायचं काम माझं."

मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'अर्जदार पूर्ण शुद्धीवर असून सभ्य गृहस्थ आहेत,' आणि वर शिक्का मारला.

नोकरी राहिली. शाळा सुटल्यापासून माझ्याविषयी कुणी चांगलं लिहिलेलं एवढंच. आईला फोनवर तो शेरा दोनदा वाचून दाखवला. तबकडीचं काही सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसेल.