वायरीचं टोक

सदाशिव गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर संगणकावर एक मॉडेल चालू होतं. त्याचा धाकटा भाऊ बोलत होता. "दादा, आमचा सदादादा गेला. सकाळी शेतावर छातीत कळ आली, पोलादपूरला नेईपर्यंत..." चार दिवसांची रजा काढून सदा कुडपणला, डोंगरावरच्या आपल्या गावी गेला होता. आता महिना उलटलाय, म्हणून लिहून टाकतो. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता माझं मॉडेल कोणी खोडून काढणार नाही. एवढ्या जुन्या मित्रासाठी पहिला विचार हा! लाज वाटली, पण आला तो आला.

मी महाडजवळच्या नाते गावचा, खालच्या सपाटीवरचा. घरची भातशेती, घरात संगणकही लवकर आला. सदाच्या वाडीवर तेव्हा वीज आली तर आली. महाडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि गणिताचा पेपर मिळाला की मी आधी त्याचे मार्क बघायचो, मग माझे. पोटात दुखायचं, ते तेव्हापासून. पुढे पुण्यात एकाच कंपनीत लागलो, तेही शेजारच्या टेबलांवर. म्हणजे दुखणं कायमचं झालं.

आमचं काम घरी सांगताना मी नेहमी अडखळायचो. सदा मात्र आईला सहज सांगायचा, "आये, कुठलंपन यंत्र चालू झालं का हवेत थोडी खरखर सोडतं. ती शेजारच्या यंत्राला बाधू नये, येवढंच आमी बघतो." खरंच एवढंच. यंत्र बनल्यावर ते एका बंदिस्त खोलीत नेऊन ही खरखर मोजतात. तिथे नापास झालं की सगळं पुन्हा उलगडायचं. म्हणून यंत्र बनायच्या आधीच संगणकावर त्याचं मॉडेल करायचं आणि खरखर कुठे, किती होईल ते सांगायचं. मी सर्किटचा बोर्ड बारीकसारीक काढायचो, कोपरा न कोपरा. सदा येऊन खुर्चीमागे उभा राहायचा आणि म्हणायचा, "वायर कुठाय रे? खरखर डब्यातून नाय येत, वायरीतून येते." दर वेळी त्याचंच खरं निघायचं. हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. वडिलांनी मुंबईहून आणलेला लहानसा ट्रान्झिस्टर घरात होता. वाडीवरच्या गिरणीची मोटर सुरू झाली की विजेच्या तारेवरून खरखर घरापर्यंत यायची आणि रेडिओ बिघडायचा. हा ओरडायचा, "आये, गिरण चालू झाली गो!" आई दळणाचा डबा घेऊन सगळ्यांच्या आधी गिरणीत. तोच रेडिओ त्याने ऑफिसात आणला होता. नवा बोर्ड आला की रेडिओ वायरीजवळ धरून कान लावायचा आणि साहेबसुद्धा काम सोडून बघत राहायचे. मी महागडं यंत्र लावून तेच सांगितलं, तर कोणी मान वर करायचं नाही. जळायचो मी, स्पष्टच सांगतो.

आमची एक रीत होती. यंत्र बनवायला पाठवण्याआधी एकमेकांच्या मॉडेलवर नजर टाकायची. सलाइनच्या पंपाचं काम त्याच्याकडे होतं. दवाखान्यात हा पंप रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राशेजारी बसणार होता, म्हणून सगळे काळजीत. ऐन वेळी त्याचे वडील आजारी पडले. बॅग उचलता उचलता तो म्हणाला, "तेवढं बघ आणि पाठवून दे रे." मी बघितलं. मॉडेलमध्ये वायर रेखाटलेली होती, पण तिचं टोक बोर्डाला टेकलं नव्हतं. केसाएवढी फट. संगणकाच्या लेखी ती वायर जोडलेलीच नव्हती, म्हणून सगळा आलेख शांत दिसत होता. मी वेगळी प्रत करून टोक जोडलं आणि मॉडेल चालवलं. आलेख मर्यादेच्या वर उसळला. वायर विसरू नको म्हणून आयुष्यभर मला सांगणारा वायरीतच चुकला होता! ...मी फोन करून सांगितलं, "ठीक आहे, पाठवतोय." आणि त्याचं मॉडेल होतं तसंच पाठवलं.

पंप त्यावरून बनला आणि नापास झाला. भर बैठकीत सदा उठून म्हणाला, "टोक जोडायचं मी विसरलो. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. पुढचं काम साहेबांनी मला दिलं. संध्याकाळी चहाला तो नेहमीसारखा हसला आणि मी मनातल्या मनात सुटलो.

तेराव्याला कुडपणला गेलो. सगळं उरकल्यावर वहिनींनी आतून कापडात गुंडाळलेला, रजेवर येताना सदाने बरोबर आणलेला ट्रान्झिस्टर आणून माझ्या हातात दिला. म्हटलं, "वहिनी, हा तुमच्या पोरीला राहू दे."

"नाय भावजी, ह्यो तुमचाच हाय. ते नेहमी म्हनायचे, माझं काय झालं तर रेडिओ त्याला दे. माझ्यापेक्षा त्याला चांगलं ऐकू येतं. फक्त सांगत नाय."

"कधीपासून म्हणायचा असं?"

"तो सलाइनचा पंप नापास झाला ना, तेव्हापासून."

कंपनीच्या संगणकावर कोणी, कधी, काय चालवलं याची यादी राहते. माझी प्रत मी पुसली होती, ती यादी पुसायची राहिली होती. सदाने ती वाचली होती. वाचून त्यानंतरची सगळी वर्षं शेजारी बसून माझ्याबरोबर डबा खाल्ला, माझ्या मॉडेलमधल्या चुका आधीसारख्याच दाखवत राहिला.

रेडिओ आता माझ्या टेबलावर असतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की खरखरतो. मी गप्प राहिलो होतो आणि तोही गप्प राहिला होता. त्याचं गप्प राहणं मला या जन्मी जमणार नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटतो. काल एक मॉडेल पूर्ण झालं, तेव्हा सवयीने मान वळवून शेजारी म्हणालो, "बघ रे जरा." खुर्ची रिकामी होती. मग मीच वायरीचं टोक पुन्हा एकदा तपासलं.