कोबीला संवाद नसतात

समस्त भाजी खाणाऱ्या जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मी कोबी कधीही दाबून पाहत नाही. काल पंचवटीच्या बाजारात एक गड्डा उचलला आणि त्या कच्च्या, हिरव्या वासानं मला थेट वीस वर्षांपूर्वी मी शिकवायचे त्या बालवाडीत नेऊन उभं केलं.

स्नेहसंमेलनात आम्ही भाजीबाजाराचं नाटुकलं बसवलं होतं. मुलं सगळी आपापल्या चालीनं शिकणारी. ओमला वस्तू हाताळल्याशिवाय काही कळायचं नाही, म्हणून तो गिऱ्हाईक. मळ्यातली भाजी बाजारात विकणाऱ्या आईबापांची चार वर्षांची छबू कधीच एक शब्द बोलली नव्हती, म्हणून ती कोबी. कोबीला संवाद नसतात, या माझ्या हुशारीवर मी तेव्हा खूश होते. आज हसू येतं.

आदल्या दिवशीच तिचे वडील म्हणाले होते, "बाई, लय झालं. पोरगी घरी बोलत नाय, इथं बोलत नाय. मळ्यातच राहू दे तिला."

"उद्याचा कार्यक्रम तेवढा बघा," मी विनवलं होतं. 

पडदा उघडला. छबू खऱ्या पानांत गच्च गुंडाळलेली. समोर वडील, हाताची घडी घालून. आणि ओमनं, मी शिकवलेलं सगळं सोडून, कोबीचं डोकं दोन्ही हातांनी दाबायला घेतलं. विंगेत मी पडद्याची दोरी पकडली. आता ही रडणार आणि वडील तिला उचलून कायमची नेणार.

छबूनं मान वर केली. आईच्याच ठसक्यात, खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ दादा, घ्यायचा तर घ्या, दाबत नका बसू."